दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ: एकाच प्रश्नाची इतकी उत्तरे का?

दोन शहरांमध्ये अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, हा प्रश्न वरवर अगदी साधा वाटतो. प्रत्यक्षात मात्र अंतर मोजणारे एखादे साधन ७१३ किलोमीटर दाखवते, रस्त्याचा नकाशा ८८० किलोमीटर सांगतो, त्याच प्रवासासाठी तिकिटावर एक तास पस्तीस मिनिटे छापलेली असतात आणि विमान हवेत असते ते जेमतेम एक तास पाच मिनिटे. हे आकडे ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि मेलबर्न या शहरांचे आहेत आणि थोड्याफार फरकाने ते सगळेच बरोबर आहेत. त्यांतला प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचा, हे सांगितलेले नसल्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. जगातल्या कोणत्याही दोन शहरांच्या बाबतीत हे आकडे कसे तयार होतात आणि ते कसे वाचावेत, ते येथे समजून घेऊ.

आधी अंतर. कागदावरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा आणि पृथ्वीवरची खरी सर्वांत जवळची वाट या दोन गोष्टी एक नव्हेत, कारण पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड वाट ही त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा, म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो अशा वर्तुळाचा, एक तुकडा असते. न्यूयॉर्कहून टोकियोला निघालेले विमान अलास्काच्या बाजूला वर का जाते, याचे मुख्य उत्तर हेच आहे. नकाशावर वाकडी दिसणारी ती वाट पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिली की सरळ असल्याचे दिसते. हा मुद्दा लांबच्या उड्डाणांसाठी फार महत्त्वाचा असला तरी प्रादेशिक प्रवासात त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. ४५ अंश अक्षांशावर एकमेकांच्या पूर्व-पश्चिमेला ७०० किलोमीटरवर असलेली दोन शहरे घेतली, तर अक्षवृत्ताच्या कडेने जाणारी वाट आणि बृहद्वृत्ताची वाट यांत अर्ध्या किलोमीटरचाही फरक पडत नाही.

म्हणूनच जवळच्या शहरांमधले हवाई अंतर शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाने घरबसल्या काढता येते, आणि ते एकदा स्वतः काढून पाहावे असे मला मनापासून वाटते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि हे माप पृथ्वीवर सर्वत्र जवळपास सारखेच असते. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटर असला तरी ध्रुवांकडे जाताना आक्रसत जातो. ६० अंश अक्षांशावर तो निम्मा होतो आणि ध्रुवावर शून्य. हे आक्रसणे त्या अक्षांशाच्या कोसाइनइतके असते. आता नेपाळमधली काठमांडू आणि पोखरा ही शहरे घ्या. काठमांडू साधारण २७.७ अंश उत्तर आणि ८५.३ अंश पूर्व येथे आहे, तर पोखरा २८.२ अंश उत्तर आणि ८४.० अंश पूर्व येथे. अक्षांशांतला फरक अर्ध्या अंशाचा, म्हणजे सुमारे ५५.५ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.३ अंशांचा, आणि २८ अंश अक्षांशाच्या आसपास एक अंश सुमारे ९८ किलोमीटरचा असल्यामुळे तो होतो सुमारे १२७ किलोमीटर. या दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर येते सुमारे १३९ किलोमीटर. संगणकावरची साधने याहून काटेकोर सूत्रे वापरतात. कोणी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा परिपूर्ण गोल मानतो, तर कोणी ती विषुववृत्ताजवळ किंचित फुगलेली आणि ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे हे लक्षात घेतो. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर असल्यामुळे या दोन पद्धतींच्या उत्तरांत फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. दोन साधनांनी दोन-तीन किलोमीटर वेगळे अंतर दाखवले, तर त्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

त्याहून मोठी तफावत पडते ती बिंदू कोणता धरला यावरून. शहरांमधले अंतर म्हणजे सहसा दोन शहरांच्या मध्यवर्ती ठिकाणांमधले अंतर, पण विमान शहराच्या मध्यात उतरत नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे नाव लावणारा हान विमानतळ प्रत्यक्ष फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. हे टोकाचे उदाहरण झाले, परंतु वीस-तीस किलोमीटरचा फरक अगदी सर्रास आढळतो, आणि एकूण अंतरच दीडशे किलोमीटर असेल तेव्हा तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. मैलांत दिलेल्या आकड्यांकडेही सावधपणे पाहावे लागते. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, तर वैमानिक वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. नुसते 'मैल' असे लिहिले की पंधरा टक्क्यांची चूक चोरपावलांनी शिरते. सागरी मैलाचा उगम मोठा सुबक आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे जवळपास एक सागरी मैल, आणि म्हणून नकाशाच्या कडेवरच्या अक्षांशांवरूनच अंतर मोजता येते. १९२९ साली त्याची लांबी १,८५२ मीटर अशी पक्की ठरवण्यात आली. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट.

रस्त्याचे अंतर हवाई अंतरापेक्षा नेहमीच जास्त असते, पण किती जास्त, हे जमिनीवर अवलंबून असते. सिडनी आणि मेलबर्नच्या बाबतीत ते सुमारे पाव पट वाढते. काठमांडू आणि पोखरा यांच्यामधला डोंगरी रस्ता मात्र नद्यांच्या खोऱ्यांतून वळसे घेत सुमारे २०० किलोमीटरचा होतो आणि त्यावर सहा-आठ तास सहज जातात. विमान हेच अंतर सुमारे २५ मिनिटांत पार करते. हवाई अंतर कमी असूनही विमानसेवा का टिकून राहते, याचे उत्तर अशा ठिकाणी भूगोलच देतो. अडसर खाडीचा, डोंगराचा की दाट जंगलाचा, हे पाहिल्याशिवाय 'एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला' असे म्हणणे बरोबर नाही.

आता वेळेकडे वळू. सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत.

पहिला हिशेब सगळेच करतात: अंतराला वेगाने भागायचे. एअरबस ए३२० सारखे जेट विमान सुमारे ११ किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जाते. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांइतकी थंड असल्यामुळे ध्वनीचा वेगही कमी, सेकंदाला सुमारे २९५ मीटर असतो, आणि त्यावरून विमानाचा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर निघतो. मग ७०० किलोमीटरला पन्नास मिनिटे पुरायला हवीत. ती पुरत नाहीत, कारण हा वेग प्रवासाच्या केवळ मधल्या टप्प्याचा आहे. जमिनीजवळ विमाने मुद्दाम सावकाश चालवली जातात. अनेक देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची, मर्यादा असते. वर चढायला जेट विमानाला साधारण वीस मिनिटे लागतात. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून उतरायचे असेल तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर, आधीपासून उतार धरावा लागतो. चढताना साधारण तेवढेच अंतर गेले असे मानले, तर ७०० किलोमीटरच्या प्रवासात विमान पूर्ण उंचीवर आणि पूर्ण वेगाने जाते ते केवळ ३०० किलोमीटर. प्रवास ३०० किलोमीटरचाच असेल, तर ते त्या उंचीला पोहोचतच नाही. थोडे वर जाऊन लगेच खाली यायला लागते.

छोट्या शहरांमध्ये पंखे फिरवणारी टर्बोप्रॉप विमाने का दिसतात, हेही यातूनच उलगडते. एटीआर ७२ या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो आणि ते २५,००० फुटांच्या वर जात नाही. आकडे पाहून ते जेटच्या तुलनेत फारच मंद वाटते. पण ३०० किलोमीटरच्या प्रवासात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नसल्यामुळे दोघांच्या हवेतल्या वेळेत, ढोबळ हिशेबाने, दहाएक मिनिटांचाच फरक उरतो, आणि टर्बोप्रॉपला इंधन बरेच कमी लागते. आखूड धावपट्टीवर उतरण्याची त्याची क्षमता ही आणखी जमेची बाजू. टर्बोप्रॉप म्हणजे जुनाट आणि दुय्यम विमान, असा जो समज आहे तो मला अन्यायाचा वाटतो. त्या अंतरासाठी तीच योग्य निवड असते.

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. उड्डाण आणि उतरणे ही दोन्ही कामे शक्यतो वाऱ्याला सामोरे होऊन करायची असतात, कारण त्यामुळे धावपट्टीवर कमी धावावे लागते. जायचे पूर्वेला आणि वारा पश्चिमेकडून, असे असले तर विमान पश्चिमेकडे तोंड करून उडते आणि मग वळसा घेऊन पूर्वेकडे वळते. पोहोचल्यावर पुन्हा तोच प्रकार. गजबजलेल्या विमानतळावर येणारी आणि जाणारी विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी ठराविक वाटा आखलेल्या असतात, लष्करी वापराचे आकाश टाळावे लागते, आणि उतरणाऱ्यांची रांग लांबली तर नियंत्रण कक्ष विमानाला हवेतच घिरट्या घालायला लावतो. एकेक वळसा वीस-तीस किलोमीटरचा असू शकतो. ११ किलोमीटर उंचीवरून गेल्यामुळे वर्तुळ मोठे होऊन अंतर वाढत असेल, असेही काहींना वाटते. ते वाढते खरे, पण ७०० किलोमीटरमागे फक्त सव्वा किलोमीटर.

वाऱ्याचा परिणाम याहून कितीतरी मोठा असतो. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष वेग असतो. ती हवा स्वतःच वाहत असेल, तर जमिनीच्या सापेक्ष वेग तितका वाढतो किंवा घटतो. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ७०० किलोमीटरच्या टप्प्यात ताशी १०० किलोमीटरचा पाठचा वारा मिळाला तर सुमारे ४७ मिनिटे लागतील, समोरचा वारा असेल तर ६० मिनिटे. जाता-येता मिळून १०७ मिनिटे झाली. वारा नसता तर दोन्ही वेळचा मिळून १०५ मिनिटांत प्रवास झाला असता. म्हणजे जाताना वाऱ्याने जे दिले ते येताना तो व्याजासह परत घेतो. वारा ताशी २०० किलोमीटर झाला तर ही बेरीज ११२ मिनिटांवर जाते. याचे कारण असे की समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ असते, त्यामुळे तोटा सोसण्याचा काळ लाभाच्या काळापेक्षा मोठा असतो. वारा आडवा असला तरी फुकट जात नाही, कारण वाटेवर टिकून राहण्यासाठी विमानाला नाक थोडे वाऱ्याच्या दिशेने वळवून तिरके चालावे लागते आणि त्यात वेगाचा काही भाग खर्च होतो.

पूर्वेकडे जाणारी विमाने लवकर पोहोचतात ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असे अनेकजण ठामपणे सांगतात. हे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे पाहण्यासारखे आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असतो. तो पायाखालून निघून जात असता, तर हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत ठेवून २५ मिनिटांत ७०० किलोमीटर पश्चिमेकडचे गाव गाठता आले असते. तसे होत नाही, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि उडण्याआधी विमानही त्याच वेगाने फिरत असते. खरे कारण आहे जेट प्रवाह, म्हणजे ९ ते १६ किलोमीटर उंचीवरून मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतल्या फरकामुळे ते निर्माण होतात, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांना पूर्वेकडचे वळण मिळते. परिवलनाचा संबंध आहे तो एवढाच, आडवळणाने. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापे घेतली होती. आपले काम जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या, सगळ्या जगाची सामाईक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केले, आणि बहुधा त्यामुळेच ते फारसे कोणी वाचले नाही. या वाऱ्यांचे बळ किती असते ते फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. प्रादेशिक उड्डाणांत फरक तासांचा नसून मिनिटांचा असतो, परंतु वेळापत्रकातही तो दिसतो. मेलबर्नहून ईशान्येला सिडनीकडे जाणाऱ्या विमानाला परतीच्या विमानापेक्षा सहसा काही मिनिटे कमी दिलेली असतात.

एवढे सगळे झाल्यावरही तिकिटावरचा वेळ जुळत नाही, कारण तो हवेतला वेळ नसतोच. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलण्याची वेळ, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे दुसरीकडे उभ्या जागेवर थांबण्याची वेळ. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढण्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा हा काळ म्हणून इंग्रजीत त्याला 'ब्लॉक टाइम' असे नाव पडले. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे आणि उतरल्यावर परत जागेपर्यंत येणे हे सगळे धरलेले असते. त्याशिवाय कंपन्या उशीर होण्याच्या शक्यतेपोटी काही मिनिटे राखीव ठेवतात. पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे मोजण्याची पद्धत रूढ असल्यामुळे या राखीव मिनिटांना कंपन्यांच्या लेखी मोठे मोल असते. विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते, तेव्हा पुष्कळदा वैमानिकाने वेग वाढवलेला नसतो, ही राखीव मिनिटे कामी आलेली असतात. स्वतः अंदाज बांधायचा असेल तर जेटसाठी हवाई अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून त्यात अर्धा तास मिळवावा. ७०० किलोमीटरला ८२ मिनिटे येतात, आणि गर्दीच्या विमानतळांसाठी आणखी दहा-पंधरा मिनिटे धरली की उत्तर तिकिटाच्या जवळ पोहोचते.

दोन शहरे वेगवेगळ्या कालविभागांत असतील तर घड्याळ आणखी एक फसवणूक करते. लिस्बन आणि माद्रिद यांच्यात सुमारे ५०० किलोमीटर अंतर आहे आणि वेळापत्रकातला प्रवास साधारण एक तास वीस मिनिटांचा. पण स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा ज्या-त्या शहराच्या असल्यामुळे वजाबाकी केली तर जाताना दोन तास वीस मिनिटे आणि येताना अवघी वीस मिनिटे दिसतात. 

प्रवाशाच्या दृष्टीने यांतला कोणता आकडा कामाचा? माझ्या मते घरातून निघून मुक्कामाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा, आणि नेमका तोच कुठे छापलेला नसतो. विमानतळापर्यंत पाऊण तास, सुरक्षा तपासणी आणि प्रतीक्षा यांसाठी दीड तास, उतरल्यावर सामान आणि शहरापर्यंतचा प्रवास मिळून एक तास असे धरले, तर सव्वातीन तास हे उड्डाणाच्या बाहेरचेच होतात, मग अंतर २०० किलोमीटर असो की १,०००. चांगल्या रस्त्यावरून मोटार तेवढ्या वेळात अडीचशे किलोमीटर जाते आणि वेगवान रेल्वे त्याहून पुष्कळ पुढे. १९८१ साली सुरू झालेल्या फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने पॅरिस ते लियों हा प्रवास पुढे दोन तासांवर आणला, तेव्हा सुमारे ४०० किलोमीटरच्या त्या पट्ट्यात विमानाची बाजू लंगडी झाली. स्पेनमध्ये २००८ साली माद्रिद ते बार्सिलोना ही वेगवान रेल्वे पूर्ण झाल्यावर ६०० किलोमीटरच्या पट्ट्यातही असेच घडले. फ्रान्सने २०२३ साली कमी पल्ल्याच्या देशांतर्गत उड्डाणांवर बंधन घातले, तेव्हा कायद्यात किलोमीटरची मर्यादा ठेवली नाही; रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येते का, ही कसोटी ठेवली. त्या कसोटीवर पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नाँत, लियों आणि बोर्दो या शहरांकडे जाणारी विमानसेवा बंद झाली. यांतले बोर्दो पॅरिसपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटरवर आहे, म्हणजे काठमांडू ते पोखरा या अंतराच्या साडेतीन पट दूर.